एका कात्रीइतके जादा उत्पन्न

दिनांक : ११ जून (परिच्छेद १ ते ९)
१४ जून (परिच्छेद १० पासून पुढे)

प्रति,
मा. सदस्य-सचिव,
आयकर दर व वजावट सुधारणा समिती,
महसूल भवन, तिसरा मजला.

विषय : अवलंबित व्यक्तीबद्दल मिळणारी वजावट उत्पन्नमर्यादा ओलांडताच पूर्ण बंद न करता क्रमाक्रमाने कमी करण्याबाबत.

संदर्भ : १) हरकती व सूचना मागवणारी समितीची जाहीर सूचना.
२) विभागीय करकार्यालय, खिडकी क्र. ७ यांची मला आलेली नोटीस.

महोदय,

१. आमच्या स्वयंपाकघरातील सुरीच्या पात्याची रुंदी आज सकाळी मोजली. ती २३.६ मिलिमीटर भरली. सहा वर्षांपूर्वी सुरी नवीन आणली तेव्हा ती ३१.० मिलिमीटर होती. मी वजन-मापे प्रयोगशाळेत ज्येष्ठ तंत्रज्ञ आहे; नवीन वस्तू घरात आली की मोजून ठेवायची मला सवय आहे. घरात तिला खोड म्हणतात. सात मिलिमीटरहून अधिक पोलाद भाजी चिरून झिजत नाही. ही झीज दर वर्षी करवर्षाच्या शेवटच्या साडेतीन महिन्यांतच होते, उरलेल्या साडेआठ महिन्यांत जवळजवळ होत नाही. तिचे कारण आयकरातील एक वजावट हे आहे. विधान विचित्र वाटेल, म्हणून ते पायरीपायरीने मांडते.

२. माझा थोरला भाऊ माझ्याजवळ राहतो. मी त्याला दादा म्हणते आणि या अर्जातही तसेच म्हणेन. आईवडील आता नाहीत. घरात आम्ही दोघेच. दादा नऊ वर्षांचा असताना तापात त्याचे दोन्ही कान गेले. तो समोरच्याचे ओठ वाचतो. त्याला बोलता येते, परंतु स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने तो कधी फार मोठा, तर कधी चिरका निघतो. शाळेत मुले त्या आवाजाची नक्कल करत. तेव्हापासून तो घराबाहेर बोलत नाही. घरातही बहुतेक कारभार खुणांवर चालतो. फारच अडले तर मला "बुटके" अशी हाक येते, तीही दार लावलेले असेल तरच.

३. दादा कात्र्यांना धार लावतो. आमच्या घराला लागून रस्त्याकडे दार असलेली एक खोली आम्ही वेगळ्या भाड्याने घेतली आहे. तेथे त्याचे विजेवर फिरणारे चाक, दोन धारेचे दगड आणि खिडकीखाली एक स्टूल आहे. शिंपी, केशकर्तनालयवाले, पट्ट्या कापणारे इस्पितळातले लोक त्याच्याकडे कात्र्या आणतात. पाते चाकाला टेकले की बोटांना जी थरथर लागते, तिच्यावरून त्याला धार समजते. शेवटी ओल्या पातळ कापडाची पट्टी कात्रीच्या अगदी टोकाने कापून पाहतो. पट्टी दुमडली तर कात्री पुन्हा चाकावर. मी त्याच्या पाच कात्र्या एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. धारेतला चढउतार माझ्या अंदाजाच्या निम्मा निघाला. हे मी बहीण म्हणून लिहीत नाही; तक्ता सोबत जोडला आहे.

४. आता वजावट. अपंग नातेवाइकाला सांभाळणाऱ्या करदात्याला करपात्र उत्पन्नातून एक ठरावीक रक्कम वजा करता येते. अट अशी की त्या नातेवाइकाचे स्वतःचे वार्षिक उत्पन्न एका मर्यादेच्या आत असले पाहिजे. रकमा दर वर्षी बदलतात, म्हणून सोयीसाठी ही मर्यादा १०० एकक मानते. त्या मापाने माझा वाचणारा कर वर्षाला ११८ एकक आणि बाहेरच्या खोलीचे भाडे ११५ एकक आहे. म्हणजे वजावटीमुळे जे वाचते ते जवळजवळ सगळे खोलीच्या भाड्यात जाते; दादाची कमाई आणि माझा पगार मिळून घर चालते. दादाने वर्षभर काम केले तर त्याची कमाई सुमारे १४० एकक होईल. १०० पर्यंत कमावले तर घरात २१८ येतात. १४० कमावले तर १४०. कष्ट वाढतात तसे उत्पन्न घटते, असा आलेख मला माझ्या व्यवसायात अन्यत्र आढळलेला नाही. यंत्राने असे दाखवले असते तर मी ते यंत्र दुरुस्तीला पाठवले असते.

५. म्हणून गेली सहा वर्षे आमच्याकडे एक पद्धत आहे. दादाच्या कमाईची बेरीज मी रोज संध्याकाळी करते. बेरीज १०० च्या जवळ आली की मी चाकाच्या वायरीचा प्लग काढते, तो पर्समध्ये घालते आणि प्रयोगशाळेतल्या माझ्या कपाटात नेऊन ठेवते. दारावर पाटी लावते: "काम बंद आहे." पुढचे साडेतीन महिने दादा त्या खोलीत बसून असतो. पहिल्या आठवड्यात तो खोली झाडतो. दुसऱ्या आठवड्यात घरातल्या माझ्या दोन कात्र्या हातदगडावर घेतो. तिसऱ्या आठवड्यापासून सुरी. धार लागलेल्या सुरीला तो रोज धार लावतो. मी एकदा खुणेने विचारले, कशाला रे? त्याने सुरी उजेडात धरून मला दाखवली आणि खांदे उडवले. ज्या खोलीचे भाडे वजावटीतून भरतो त्या खोलीत वजावटीमुळेच काम करता येत नाही, हे त्याला कसे समजावायचे ते मला कळले नाही. मी समजावलेही नाही. प्लग काढताना त्याला काय वाटते हे सहा वर्षांत मी एकदाही विचारले नाही, ही बाब माझ्याविरुद्ध आहे आणि ती मी नोंदवून ठेवते.

६. गेल्या करवर्षात माझ्याकडून चूक झाली. मोजमाप करणाऱ्याने मर्यादेच्या आत सुरक्षित अंतर सोडायचे असते. हे मी नवीन तंत्रज्ञांना पहिल्याच दिवशी शिकवते. घरात मी ते सोडले नाही. बेरीज ९७ झाली तेव्हा थांबायला हवे होते. पण दर संध्याकाळी दादा वही पाहायचा आणि एक बोट वर करायचा: अजून एक? एका मोठ्या कात्रीची मजुरी पाव एकक. मी हिशेब करायचे आणि मान डोलवायचे. असे करत आम्ही ९९.९० पर्यंत गेलो आणि मग मी प्लग काढला. चार दिवसांनी मी कामावर असताना शाळेचे गणवेश शिवणाऱ्या मावशी आल्या. त्यांच्याकडे एकशे चाळीस गणवेश कापायचे पडले होते आणि कात्री कापड चावत होती. दारावरची पाटी त्यांनी वाचली आणि तरी दार वाजवले. म्हणजे दादाला दिसेल असा हात हलवला. दादाकडे चाक नव्हते. त्याने ती कात्री हातदगडावर दोन तास घासली. मावशींनी जाताना मजुरी फोनवरून त्याच्या खात्यात टाकली. बेरीज १००.१५ झाली.

७. त्या ०.१५ एककाबद्दल संदर्भ क्र. २ ची नोटीस आली. वजावट पूर्ण रद्द, ११८ एकक कर आणि त्यावर अधिभार. तीस दिवसांत म्हणणे मांडावे किंवा सोबतचे प्रतिज्ञापत्र आम्हा दोघांच्या सह्यांनी सादर करावे. प्रतिज्ञापत्रात दोन वाक्ये आहेत. पहिले: "अवलंबित व्यक्ती अर्थार्जनास असमर्थ आहे." दुसरे: "जादा दिसणारी रक्कम हा कामाचा मोबदला नसून भेट आहे." दोन्ही वाक्ये खोटी आहेत. मी आणि दादा पहिल्यांदा खिडकी क्र. ७ वर गेलो तेव्हा निघण्यापूर्वी मी त्याला हात धुवायला सांगितले. चाकाची काळी भुकटी त्याच्या नखांत बसलेली असते. मी जुन्या ब्रशने ती स्वतः घासून काढली. हे मी का केले, ते आपण ओळखाल. खिडकीवरच्या गृहस्थांनी दादाकडे न पाहता मला विचारले, "हा काही कमावतो का?" दादाने ते ओठांवरून वाचले. मी नोटीस पुढे केली. ती वाचून ते गृहस्थ सहानुभूतीने हसले. "बाई, तुम्ही तर कात्रीतच सापडलात. अहो, ती एक कात्री फुकट केली असं लिहून टाका. एका कात्रीने काही कुणाचं नाक कापलं जात नाही." गणवेशवाल्या मावशींना हे समजले तेव्हा त्या संध्याकाळी घरी आल्या. "मी देते लिहून. भाऊबीजेचं पाकीट म्हणा, बक्षीस म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. मजुरी टाकून तुमच्या घरात आग मीच लावलीय, विझवू द्या की मला." मी त्यांना चहा दिला आणि विचार करते म्हणाले. ते प्रतिज्ञापत्र आज सत्तावीस दिवस माझ्या पर्समध्ये आहे, प्लग ठेवते त्याच कप्प्यात. दादाला मी ते वाचायला दिलेले नाही. सुनावणी १४ तारखेला आहे. खोलीचा करार ३० तारखेला संपतो. सही केली तर खोली राहते आणि दादा कागदोपत्री कायमचा असमर्थ ठरतो. सही केली नाही तर भरणा केल्यावर खोलीच्या भाड्याला माझ्याकडे काही उरत नाही.

८. समितीचा मसुदा मी दोनदा वाचला. त्यात दर कमी केले आहेत, टप्पे सातावरून चारावर आणले आहेत, ते मला पटले. परंतु परिशिष्टात "अवलंबित" शब्दाची नवी व्याख्या आहे: ज्याचे स्वतःचे कोणतेही उत्पन्न नाही अशी व्यक्ती. म्हणजे १०० ची मर्यादा आता शून्यावर येईल. भरपाई म्हणून वजावटीची रक्कम वाढवली आहे; माझ्या बाबतीत वाचणारा कर १५० एकक होईल. दादाने वर्षभर काम केले तर १४०, अजिबात केले नाही तर १५०. एक धडधाकट हातांचा माणूस वर्षभर हात बांधून बसल्याबद्दल शासन आम्हाला दहा एकक जास्त देऊ करते. मसुदा लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असणार याबद्दल मला शंका नाही. पण या व्याख्येखाली सुरी फार तर पाच वर्षे टिकेल. रुंदी शून्यावर येण्याची तारीख काढून मी तक्त्याखाली दिली आहे. सुरी पुरावा म्हणून सादर करण्याची माझी तयारी आहे. मात्र महसूल भवनाच्या दारावरचे रखवालदार ती आत नेऊ देणार नाहीत, असे त्यांनीच फोनवर सांगितले.

९. यास्तव नम्र मागणी अशी की :

(अ) वजावट मर्यादेवर एकदम तोडू नये. कराच्या दरांच्या बाबतीत हे तत्त्व आपण आधीच मानलेले आहे: उत्पन्न वरच्या टप्प्यात गेले तर वाढीव दर फक्त वरच्या भागावर लागतो, सगळ्या उत्पन्नावर नाही. वजावटीला तोच न्याय लावावा. मर्यादेपुढच्या प्रत्येक एककामागे वाचणारा कर अर्ध्या एककाने कमी करावा. म्हणजे ०.१५ जास्त कमावणाऱ्याचे ०.०७५ नुकसान होईल, ११८ नाही. १४० कमावणाऱ्याच्या घरात तरीही २३८ येतील आणि प्रत्येक जादा कात्री घराला थोडे तरी देईल. हिशेबाचा आलेख सोबत आहे. मर्यादा शून्यावर आणू नये, आणि प्रतिज्ञापत्रातून "अर्थार्जनास असमर्थ" हे शब्द काढावेत. थोडे कमावणारा माणूसही दुसऱ्याच्या आधाराने राहत असतो. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत.

(ब) माझ्या प्रकरणातील ०.१५ एकक जादा उत्पन्न विशेष बाब म्हणून माफ करून, भावाला गतवर्षासाठी अवलंबित धरण्याची शिफारस करावी.

सोबत: नोटिशीची प्रत; दादाच्या कमाईची वही, सहा वर्षांची; पाच कात्र्यांच्या धारेचा तक्ता; सुरीच्या रुंदीचा तक्ता; मागणी (अ) चा आलेख; प्रतिज्ञापत्राचा कोरा नमुना.

१०. वरील मजकूर ११ तारखेला लिहून झाला होता. पाकीट बंद करून मी ते टेबलावर ठेवले आणि तीन दिवस टपालात टाकले नाही. प्रयोगशाळेत आम्ही नोंद खोडत नाही. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारतो, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी तारीख घालून सही करतो. त्याच रीतीने मागणी (ब) वर आज मी रेघ मारली आहे आणि तारीख घातली आहे. कारण खालीलप्रमाणे.

११. आज सकाळी सुनावणीला निघताना मी दादासाठी ब्रश आणि साबण मोरीवर काढून ठेवला होता. त्याने दोन्हींकडे पाहिले, चपला घातल्या आणि दारात जाऊन उभा राहिला. सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल, भिंतीला लावलेली सहा खुर्च्यांची रांग आणि कपाटावर मावत नसलेली पुडकी होती. आमच्या आधीचे आणि नंतरचे लोक त्याच खुर्च्यांवर बसलेले होते. ते मोजून चौदा जण होते, काही उभे. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई सौजन्याने वागल्या. त्यांनी माझे म्हणणे ऐकले आणि म्हणाल्या की नियमात सवलतीला जागा नाही, मात्र प्रतिज्ञापत्र आज दिले तर प्रकरण आजच बंद होईल. "दोघांच्या सह्या लागतील. करताय ना?" मी पर्समधून प्रतिज्ञापत्र काढले. पेनाचे टोपण काढले. सही करण्याचा माझा निश्चय झालेला होता, हे मी लपवत नाही. सत्तावीस दिवस जे टाळले ते तिसाव्या दिवशी खोलीच्या भाड्याकडे पाहून करायला मी तयार झाले होते.

१२. दादाने माझ्या हाताखालून कागद ओढून घेतला. त्याला ते वाचायला देण्याचे धैर्य मी दाखवले नव्हते. ते त्याने स्वतः घेतले. त्याने पहिले वाक्य वाचले. बोट "असमर्थ" या शब्दावर ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. नंतर दुसरे वाक्य वाचले. "भेट" या शब्दापाशी त्याचे बोट पुन्हा थांबले, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते मी आमच्या वडिलांचे क्रियाकर्म झाल्यानंतर पाहिलेले नाही. त्या कात्रीवर त्याचे दोन तास गेले होते. कागद त्याने टेबलावर पालथा ठेवला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले, तळवे खाली. नखांत हातदगडाची काळी भुकटी होती. अधिकारी बाईंनी त्या हातांकडे पाहिले. मला वाटते, या प्रकरणात सादर झालेला पहिला पुरावा तोच.

१३. त्यानंतर दादा बोलला. मला कळू लागल्यापासून घराबाहेर तो बोलल्याचे मला आठवत नाही. आवाज त्याला मापता येत नाही, त्यामुळे तो खोलीच्या मानाने फारच मोठा निघाला. शेजारच्या खोलीतून एक शिपाई दारात येऊन उभा राहिला. रांगेतले एक गृहस्थ आधी दचकले, मग हसू आले तसे तोंडावर हात ठेवला, आणि मग हात खाली घेतला. दुसरे कोणी हसले नाही. मी पेनाला टोपण लावले.

१४. सुनावणीच्या नोंदवहीत या प्रसंगाची नोंद "अवलंबित व्यक्तीने सहीस नकार दिला" एवढीच झाली आहे. ती अपुरी आहे. म्हणून मागणी (ब) मागे घेऊन मी पुढीलप्रमाणे कळवते. गतवर्षाचा कर आणि अधिभार नियमाप्रमाणे भरीन. नोटीस आल्यावर भीतीने मी पुन्हा काढून नेलेला प्लग आज दुपारी प्रयोगशाळेच्या दारात दादाच्या हातात दिला. पूर्वी तो फक्त वर्षाच्या पहिल्या दिवशी त्याला मिळत असे. खोलीच्या मालकांकडे करार या वेळी दादाच्या नावाने करण्याचा निरोप दिला आहे. मागणी (अ) कायम आहे, आणि आता ती माझ्यासाठी उरलेली नाही. दर वर्षी आपापल्या घरातले प्लग काढून पर्समध्ये घालणाऱ्या इतर सगळ्यांसाठी आहे. अशी माणसे किती, याची मोजणी समितीने करावी. आमच्या घरापुरता निर्णय झाला आहे. तो माझा नाही. सुनावणीच्या खोलीत चौदा जणांसमोर तो ज्या शब्दांत सांगितला गेला ते शब्द, एकही न बदलता, समितीच्या नोंदीसाठी येथे देते :

"बुटके, सही करू नकोस. मी कात्र्यांना धार लावतो. बारा महिने लावणार. खोलीचं भाडं मी देणार. तसं लिही."

तसे लिहिले आहे.

आपली नम्र,
(सही)
ज्येष्ठ तंत्रज्ञ, वजन-मापे प्रयोगशाळा

सहअर्जदार,
(सही)
कात्र्यांना धार लावणारा